सुतासारखं सरळ

माझ्या हातून आजवर एकही रेघ सरळ आलेली नाही. यात काही तात्त्विक अर्थ दडलेला नाही. रेघ म्हणजे पेन्सिलीनं मारतात ती रेघ. शाळेत आमच्या मास्तरांच्या टेबलावर शिसवी लाकडाचा एक गोल रूळ असे. त्याचे उपयोग दोन. पहिला, वहीवर रेघा आखायचा. आणि दुसरा, त्या वाकड्या आल्या तर आखणाऱ्याला सरळ करायचा. माझ्या बाबतीत दुसराच जास्त झाला. तरी पुढे मी मास्तरच झालो, पण शहाणपणानं इतिहास हा विषय निवडला. भूगोलात नकाशे काढावे लागतात, गणितात भूमिती येते; इतिहासात मात्र खुद्द राजेमहाराजेच वाकडे चाललेले असल्यामुळे शिकवणाऱ्याकडून सरळ रेघेची अपेक्षा कुणी करत नाही.

अशी तीसपस्तीस वर्षं सुखात गेली. निवृत्त झालो, आणि एक दिवस सौभाग्यवतींनी पलंगाखाली झाडू घातला तो बाहेरच येईना. पलंगाखाली मराठ्यांचा इतिहास होता आणि त्याच्या मागे मोगल दबा धरून बसले होते.

"अहो, एक तर या पुस्तकांना फडताळ करा," त्या म्हणाल्या, "नाहीतर त्यांच्या सोबतीला तुम्हीही पलंगाखाली राहायला जा."

आमच्या लग्नातलं कपाट ज्यांनी केलं ते सुतारमामा बाळीवेशीत राहतात. चौकशी केली तर कळलं, दोन वर्षांपासून मामांनी काम सोडलं आहे. नजर अधू झाली. मग दुसऱ्या दोघातिघांना विचारलं. त्यांनी सांगितलेल्या आकड्यात पुस्तकांसकट फडताळ विकत मिळालं असतं. अशा वेळी पुण्याचा भाचा मदतीला धावला. त्याच्याकडे विजेवर चालणारी हातातली गोल करवत होती. बाजारात तिला नुसतं 'कटर' म्हणतात. त्यानं ती हौसेनं घेतली होती आणि शेजाऱ्यांच्या आग्रहावरून ती मला दान केली. यंत्र दिसायला चहाच्या किटलीएवढं, पण आवाज गिरणीच्या भोंग्याचा.

आठ बाय चारची ६ सुती प्लायवूडची शीट आणली. गच्चीवर मांडली. मे महिना होता, आणि सोलापूरचा मे म्हणजे गच्चीवर पापड नुसते वाळत नाहीत, भाजून निघतात. सौभाग्यवतींनी धरलेल्या पट्टीच्या आधारानं लांबीत रेघ आखली आणि बटण दाबलं. पहिलं वीतभर करवत माझं ऐकत होती. पुढचं वीतभर मी तिचं ऐकत होतो. त्यानंतर कुणीच कुणाचं ऐकेना. गोल पात्याचा स्वभावच असा, की हात जरा तिरका झाला तर पातं चिरेत अडकतं. ते सोडवायला आपण हात वळवावा, तर चीर आणखी वळते. आठ फूट पार करून घामाघूम होऊन पलीकडे निघालो, तेव्हा सौभाग्यवती ताक घेऊन वर आल्या होत्या. कापलेल्या कडेकडे त्यांनी थोडा वेळ पाहिलं.

"पंढरपुरात भीमा अशीच वळते," त्या म्हणाल्या. "म्हणून तिथं तिला चंद्रभागा म्हणतात."

बाकी काही बोलल्या नाहीत. एका अख्ख्या शीटचे पैसे गेले होते आणि निवृत्तिवेतन महिन्यातून एकदाच येतं.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, गाइड रेल नाही लावलीत? त्याशिवाय कटर चालवतात का?" हे त्यानं दान करताना सांगितलं नव्हतं. मग दुकानात गेलो. तिथं तीन प्रकार निघाले. एक, ॲल्युमिनियमच्या १४०० मिलिमीटरच्या दोन पट्ट्या, मध्ये सळई घालून जोडायच्या. दुसरा, जवळजवळ तीन मीटरची एकसंध पट्टी. तिच्यावर करवत रुळावरून जावी तशी सरकते आणि कडेच्या रबरी पट्टीमुळे प्लायचे कपचे उडत नाहीत. तिसरा, नुसती ॲल्युमिनियमची चौकोनी नळी आणि दोन शिकंजे. एकसंध पट्टीची किंमत ऐकून मी खुर्ची मागितली.

"यातली सरळ कुठली?" मी विचारलं.

"सगळ्याच सरळ हायत की सर," दुकानदार म्हणाला.

आपण सरळ आहोत असं सांगणाऱ्यांचा इतिहासाच्या मास्तराला जो अनुभव असतो, तो जमेस धरून मी 'उद्या येतो' म्हणालो आणि घरी येऊन पलंगाखाली शिरलो. कुठलीही वस्तू घेण्याआधी तिचं मूळ शोधायचं, ही आमच्या धंद्यातली खोड आहे. त्यामुळे आमच्या घरी मिक्सर चार वर्षं उशिरा आला.

मूळ सापडलं ते अगदी घरातच. 'सुतार' हा शब्द पंडित लोक 'सूत्रधार' या शब्दापासून काढतात. नाटकातला सूत्रधार हा त्याचा सख्खा भाऊ. सूत्रधार म्हणजे दोरी धरणारा. ध्यानात घ्या, करवत धरणारा नव्हे, रंधा धरणारा नव्हे, दोरी धरणारा! गेरूत किंवा निळीत भिजवलेलं सूत दोन टोकांना ताणायचं, मध्ये चिमटीनं उभं उचलायचं आणि सोडायचं. टप्प! लाकडावर रेघ उमटते. चिमूट जरा तिरकी उचलली तर रेघही वाकते, एवढंच पथ्य. इजिप्तमधल्या कबरींच्या भिंतींवर अशा तांबड्या दोरीच्या रेघा अजून दिसतात. आपल्याकडे यज्ञवेदीची भूमिती सांगणाऱ्या ग्रंथांना शुल्बसूत्रं म्हणतात, आणि शुल्ब म्हणजेसुद्धा दोरीच. कर्णाचा जो सिद्धांत आमच्या मास्तरांनी पायथागोरसच्या नावावर आणि रुळाच्या जोरावर आमच्या गळी उतरवला, तो बौधायनानं साध्या दोरीत बसवला होता.

त्या सुतानं पुढे मापातही घर केलं. इंचाचा आठवा हिस्सा म्हणजे एक सूत. १९५६ साली दशमान मापांचा कायदा झाला, शाळेत मिलिमीटर आले, पण प्लायच्या दुकानात आजही '६ सुती' म्हटलं की अठराएकोणीस मिलिमीटरची शीट पुढे येते. भाषेत तर विचारूच नका. दोघांचं पटलं की सूत जुळतं, मार खाल्ला की माणूस सुतासारखा सरळ येतो, आणि अर्ध्या माहितीवर उडी मारली की सुतानं स्वर्ग गाठतो. मी गाठत होतो तो हाच.

आता सोलापूरकराला सुताचं कौतुक काय सांगायचं? १८७७ साली इथं सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. पुढे आणखी गिरण्या आल्या, तशी गावानं तिला 'जुनी मिल' म्हणायला सुरुवात केली. आमचे वडील तिथं कारकून होते. जेवताना ते आम्हांला सुताचा नंबर समजावून सांगत: ८४० वारांची एक लडी, अशा वीस लड्या मिळून एक पौंड वजन भरलं तर ते सूत २० नंबरचं. नंबर चढेल तसं सूत बारीक. शाळेत मात्र नंबर चढेल तसा मुलगा ढ, हे मला फार दिवस कोड्यात टाकत असे. १९६३ साली जुनी मिल बंद पडली. वडिलांच्या कपाटात सुताची एक बॉबिन राहिली होती, ती पुढे माझ्याकडे आली. फेकवत नाही आणि उपयोग नाही, अशा वस्तूंपैकी एक.

दोरीकडून करवतीकडे वळलो, तर तिथंही सूत आडवं आलं. अमेरिकेत शेकर नावाच्या पंथात टॅबिथा बॅबिट म्हणून एक बाई होती. चरख्यावर सूत कातताना तिनं दोघांना मोठी करवत ओढताना पाहिलं. करवत जाताना कापते आणि येताना फुकट येते, हे काही त्या बाईला बघवेना. तिनं चरख्याच्या चाकावरून बोध घेऊन १८१३ च्या सुमारास दातेरी चकती फिरवली आणि गोल करवत जन्मली, अशी त्या पंथाची कथा. कथा गोड आहे. पण इंग्लंडात साउदॅम्प्टनच्या सॅम्युअल मिलरच्या १७७७ च्या पेटंटातच गोल करवतीचा उल्लेख सापडतो. गोड कथांचं इतिहासात नेहमी असंच होतं.

ती करवत माणसाच्या हातात आली ती मात्र उसामुळे. १९२० नंतर अमेरिकेतल्या लुइझियानात एडमंड मिशेल नावाच्या गृहस्थानं ऊसतोड्यांचे कष्ट पाहून कोयत्याला मोटर आणि गोल पातं बसवलं. त्या खटपटीतून १९२४ साली लाकूड कापायची विजेची हातकरवत विकणारी कंपनी निघाली. तीच पुढे स्किलसॉ म्हणून गाजली. आमच्या जिल्ह्यात उसाला तोटा नाही आणि साखर कारखान्यांनाही नाही. इथं पुष्कळसा ऊस अजून साध्या कोयत्यानंच तुटतो, आणि उसासाठी निघालेलं यंत्र माझ्या गच्चीवर चंद्रभागा काढतं!

बरं, मग एवढी शतकं सुतारांचं नुसत्या दोरीवर भागलं, ते आताच का भागेनासं झालं? तर प्लायवूडमुळे. प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे, एक उभा एक आडवा, असे एकावर एक चिकटवलेले. एकाची ओढ दुसरा मारतो, म्हणून शीट फळीसारखी फुगत-आकसत नाही. आपल्या देशात हा धंदा पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आसामात रुजला तो चहाच्या पेट्यांसाठी. सागाची फळी असे नऊदहा इंच रुंद. ती थोडी वाकडी कापली गेली तरी मागून रंधा होता. रंधा म्हणजे सुतारकामातली क्षमा. प्लायच्या कडेवर रंधा मारला की आडव्या पापुद्र्यांचे टवके निघतात. तिथं क्षमा जवळजवळ नाही. शिवाय शीट चार फूट रुंद, आठ फूट लांब. चूक करायला एवढं मोठं मैदान पूर्वीच्या सुतारांना मिळालंच नव्हतं.

त्यावर जर्मनांनी दोन तोडगे काढले. १९०६ साली बर्लिनमध्ये विल्हेल्म आल्टेनडॉर्फनं सरकत्या टेबलाची करवत केली: करवत जागेवर, लाकूड सरळ सरकत तिच्याकडे जाणार. मोठ्या कारखान्यांत त्याच घराण्याची यंत्रं अजून शीट कापतात. पण माझ्यासारख्याच्या गच्चीवर ते टेबल चढायचं कसं? म्हणून १९६० नंतरच्या दशकात फेस्टो कंपनीनं उलटा विचार केला: शीट जागेवर पडू दे, तिच्यावर रूळ टाकू आणि करवतच रुळावरून पाठवू. ही कल्पना ऐकून सोलापूरकराला नवल वाटू नये. १८६० साली जी. आय. पी. रेल्वे सोलापुरात आली, तेव्हापासून आपण रोज बघतो आहोत की गाडी सरळ जाते ती ड्रायव्हरच्या हातामुळे नव्हे, खालच्या रुळामुळे. आमच्या मास्तरांच्या रुळाचं नाव त्या लोखंडाला का मिळालं, ते मला साठी उलटल्यावर कळलं.

तर दोरीपासून रुळापर्यंत एवढाच इतिहास: दोरी नुसती दिसणारी रेघ देते, तिच्यावरून चालायचं ते आपल्या डोळ्यांनी. रूळ हाताला लागणारी कड देतो; तिला टेकून आंधळाही सरळ जाईल.

पण ती कड सरळ आहे हे ठरवायचं कुणी? इथं मला व्हिटवर्थ भेटला. या इंग्रज कारागिरानं १८४० साली ग्लासगोच्या सभेत सपाट पृष्ठभाग कसे करावेत ते सांगितलं. दोन पाटे एकमेकांवर घासून अगदी जुळवले, तरी ते सपाट असतीलच असं नाही. एक खोलगट आणि दुसरा फुगीर असला तरी दोघांचं छान जुळतं. (उदाहरण आमच्या घरात आहे, पण ते राहू दे.) तिसरा पाटा आणून तिघांना आळीपाळीनं एकमेकांवर लावलं, की बिंग फुटतं.

मी आणि दुकानदार हे दोन पाटे झाले. तिसरा म्हणून मी बाळीवेशीत सुतारमामांकडे गेलो.

मामा दारात खाटेवर बसले होते. मागे भिंतीवर करवती, पटाश्या, गुण्या, गिरमिट, सगळं टांगलेलं, आणि सगळ्यावर धूळ. मी आवाज दिला तेव्हा ओळखलं. माझी चंद्रभागेची हकिगत ऐकून ते पोट धरून हसले. मग मी भीत भीत गाइड रेलचं काढलं. मला वाटलं, उभा जन्म हातानं कापलेल्या कारागिराला असल्या कुबडीचा राग येईल.

"अवो सर," मामा म्हणाले, "हात कुणाचा सरळ असतोय? माझाबी नव्हता. मी सुताच्या मागं मागं जायचो. सूत दिसायचं बंद झालं, काम बंद केलं. हात हायत की अजून."

आणि त्यांनी दोन्ही हात पुढे करून दाखवले. मी काहीच बोललो नाही. दोन वर्षांत त्या गल्लीतून मी किती वेळा गेलो होतो, याचा हिशेब मनात चालू होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दुकानात. मामांनी येताना सूत मागितलं होतं. मी वडिलांची बॉबिन नेली. साठ वर्षांचं सूत पहिल्या ताणाला तुटलं. मामांनी ते दुहेरी केलं, पीळ दिला आणि जोडपट्टीच्या दोन टोकांवर ताणून धरलं. मग कडेवरून नख फिरवत गेले. सांध्यापाशी नख थांबलं.

"हितं अर्धं सूत हाय बगा."

मला काही दिसलं नाही; दुकानदारालाही नाही. मग मामांनी फरशीवर कागद अंथरून मला कडेनं रेघ मारायला लावली, पट्टीची टोकं उलटसुलट करून तीच कड पुन्हा त्याच रेघेवर ठेवली आणि दुसरी रेघ मारायला सांगितली. दोन रेघांमध्ये मधोमध फट दिसली. पट्टीत जेवढं वाकडेपण असेल त्याच्या दुप्पट फट पडते, म्हणजे खोटं लगेच उघडं पडतं. सांधा पुन्हा आवळून पाहिला तेव्हा फट पुष्कळ कमी झाली. पण दर वेळी जोडताना ही तपासणी आलीच. एकसंध पट्टी पहिल्याच परीक्षेत उत्तम गुणांनी पास झाली. "घ्यायची तर ही," मामा म्हणाले. मी पाकिटाला हात लावून उभा राहिलो. आमच्या जिन्याचं वळणही माझ्या डोळ्यांपुढे आलं.

मामांना डोळ्यांनी कमी दिसत असेल. माझा हात त्यांना बरोबर दिसला. "तुमची ती चंद्रभागा टाकून दिली का हाय?" त्यांनी विचारलं.

गच्चीवर त्यांनी त्या तुकड्याच्या दोन्ही कडा चाचपल्या. वाकड्या कडेवर बोट फिरवताना पुन्हा हसले. मग दुसरी कड चाचपली आणि हसू थांबलं. "सर, तुमी कापलेली कड वाकडी. ही कंपनीची कड सरळ हाय की! हिला तर तुमी हातच लावला न्हाई."

त्या कडेची तीन बोटं रुंद पट्टी काढली. तिची मागची बाजू मी कापली, म्हणजे वाकडीच. पण मागची बाजू कुणाला विचारते? माळ्यावरची २ सुती प्लाय खाली तळाला घेतली, तिच्यावर ही पट्टी सरळ कड आत करून सरस आणि चुकांनी बसवली. मग करवत त्या कडेला टेकवून एकदा चालवली, तसा तळाचा जादा भाग कापून पडला. आता जी कड उरली, तीच करवतीची वाट. ती खुणेवर ठेवायची आणि कापायचं; मोजणी नाही, हिशेब नाही.

पट्टी आठ फुटी, शीटही आठ फुटी; करवतीला आत शिरायला आणि बाहेर पडायला जागा कुठली? "आधी आडवं कापा," मामा म्हणाले. "सा फुटाचं फडताळ, मग आठ फूट उभं कापायचंच कशाला?" मी कागदावर चार फुटांत एकेका फुटाच्या चार पट्ट्या बसवल्या होत्या. "आणि करवतीचं खाणं कुठं धरलंय? एका चिरेला एक सूत. तीन चिरा, तीन सूत." तीस वर्षं मुलांना हिशेब शिकवणारे माझे सहकारी आठवले, त्यांनाही हे सुचलं नसतं.

नवी शीट आली. गोल पातं खालून वर कापतं, म्हणून चांगली बाजू खाली ठेवली. मामांनी खुणा पेन्सिलीनं करू दिल्या नाहीत. चाकूच्या टोकानं करायला लावल्या. पेन्सिल त्यांना दिसत नव्हती, चाकूची खाच नखाला लागत होती. त्यांनी दोन्ही टोकांना नखानं खाच शोधली, पट्टी सरकवून तिथं आणली आणि शिकंजे आवळले.

"यंत्र तुमी धरा," ते म्हणाले. "सूत मी धरतो."

मी बटण दाबलं. काही सेकंदांत करवत पलीकडे निघाली. मामांनी कडेवरून अंगठा नेला, शेवटपर्यंत नेला, आणि परत आणला. "जमलं," एवढंच म्हणाले. मी ती कड सौभाग्यवतींना दाखवली. त्यांनी आधी कडेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मामांकडे. "मामा, तुम्ही चहा घेणार ना?" त्यांनी विचारलं. श्रेय कुणाचं, यावर त्यांचं मत झालेलं होतं.

फडताळ उभं राहिलं. मराठे वरच्या खणात गेले, मोगल खाली. आठवड्यानं मामा नातवाला घेऊन आले. तो दुकानांची पार्सलं पोचवायचं काम करी. करवत हातात धरली की हात थरथरतो म्हणून आजोबांनी त्याला धंद्यात घेतला नव्हता. "सर, ती पट्टी न्यावी म्हणतो," मामा म्हणाले. पट्टी दिली, कटरही दिलं. शेजाऱ्यांचा आग्रह आमच्याकडेही सुरू झालाच होता. आता नातू यंत्र धरतो आणि मामा कडेला कड लावतात. परवा बाळीवेशीतून गेलो, तेव्हा भिंतीवरच्या पटाश्यांवर धूळ नव्हती.

चंद्रभागेचा उरलेला तुकडा आमच्या फडताळाचा तळचा खण झाला आहे. मामांनी तो वाकडी कड भिंतीकडे करून बसवला, म्हणजे ती कुणाला दिसत नाही. इतिहासातही असंच करतात.